धागा : फिजी, सेलपोज, क्यूपाथच्या नव्या आवृत्त्या – केळीच्या करप्यापासून पर्णरंध्रांपर्यंत काय कामाचं, काय नाही

तापीकाठ (जळगाव)

फिजी, सेलपोज आणि क्यूपाथ ही प्रतिमांवरून मोजमाप करायची तिन्ही सॉफ्टवेअर फुकट आणि मुक्तस्रोत आहेत, आणि तिन्हींत अलीकडे बरीच उलथापालथ झाली आहे. आपल्याकडे काम मुख्यतः केळीचा करपा (पानांवर ठिपके पाडणारा बुरशीचा रोग), कपाशीची पानं, पर्णरंध्रं आणि बुरशीचे बीजाणू यांच्या प्रतिमांवर चालतं, म्हणून त्याच अंगाने लिहितो. सुटलं असेल ते खाली जोडा.

फिजी : आता दोन वेगळ्या गाठोड्यांत मिळतं. ‘स्टेबल’ जुन्या जावा ८ वर चालतं आणि ‘लेटेस्ट’ जावा २१ वर. जावा दोन्हींत आतच येते, वेगळी बसवायची नाही. जुने प्लगिन लागणार असतील तर स्टेबल घ्या. नवीन सुरुवात असेल तर लेटेस्ट. दोन्ही शेजारी शेजारी ठेवता येतात, फक्त फोल्डर वेगळे हवेत. विंडोजवर ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये टाकू नका, तिथे लिहायची परवानगी नसल्याने अपडेटर अडकतो. डी ड्राइव्हवर साधं फोल्डर करून तिथे ठेवा, आणि फोल्डरच्या नावात देवनागरी किंवा मोकळी जागा नको. काही प्लगिनांना ते पचत नाही.

सेलपोज (प्रतिमेतल्या पेशी एकेक वेगळ्या काढणारं) : आवृत्ती ३ मध्ये (२०२४) प्रतिमा स्वच्छ करायची सोय आली, म्हणजे गोंगाट काढणं, अंधूकपणा कमी करणं. आवृत्ती ४ मध्ये (२०२५) जुनी सगळी मॉडेल्स बाजूला सारून ‘सेलपोज-सॅम’ हे एकच मोठं मॉडेल आलं. वस्तूचा व्यास सांगायची गरज राहिली नाही, आणि कोणता चॅनेल केंद्रकाचा, कोणता पेशीद्रवाचा हेही सांगावं लागत नाही.

क्यूपाथ : ०.६ मध्ये ‘इन्स्टनसेग’चं एक्स्टेन्शन आलं. पेशी वेगळ्या काढण्यासाठी आता पायथन बसवावं लागत नाही, मॉडेल आतूनच उतरवून घेता येतं.

---

पान_मोजणी (यावल)

सेलपोज-सॅम आलं म्हणून करप्याचे ठिपकेही त्यातच टाकायचे, असं सध्या बरेच जण करताहेत. माझ्या मते हे चुकीचं हत्यार आहे. सेलपोज मोजतं ‘नग’. करप्यात आपल्याला हवं असतं क्षेत्रफळ. ठिपके वाढले की एकमेकांत मिसळतात, मग त्यांचा नग कुठे संपतो नि कुठे सुरू होतो याला अर्थच उरत नाही. करप्याची तीव्रता ठरवायची स्टोव्हरची श्रेणी (गाउलने सुधारलेली) पानाच्या रोगट भागाच्या टक्केवारीवरच बेतलेली आहे : ० म्हणजे रोग नाही, १ म्हणजे १ टक्क्याहून कमी किंवा दहापर्यंत ठिपके, २ म्हणजे १ ते ५, ३ म्हणजे ६ ते १५, ४ म्हणजे १६ ते ३३, ५ म्हणजे ३४ ते ५०, आणि ६ म्हणजे त्याच्या वर. यासाठी फिजीतला जुनाच रस्ता पुरतो, आणि तो जुन्या लॅपटॉपवरही काही सेकंदांत होतो.

---

केळीबाग_रावेर

> यासाठी फिजीतला जुनाच रस्ता पुरतो

दादा, पायऱ्या लिहा ना पूर्ण. ‘कलर थ्रेशोल्ड’मध्ये (रंगाची हद्द घालून भाग निवडतात तिथे) ह्यूचा, म्हणजे रंगछटेचा, पट्टा सकाळच्या फोटोंना एक लागतो नि दुपारच्या फोटोंना दुसराच. दर पानाला पट्टी सरकवायची म्हणजे मग मोजणारा बदलला की आकडा बदलला.

---

पान_मोजणी

ह्यू सोडा, ‘लॅब’ ही रंगपद्धत घ्या. फोटोऐवजी स्कॅनर वापरा, त्याचं कारण शेवटी देतो.

१) पानाच्या मध्यभागाचा तुकडा, शीर (मधला दांडा) वगळून, २० × २० सेंटिमीटर. फ्लॅटबेड स्कॅनरवर ३०० डीपीआय (इंचाला ३०० पिक्सेल), टिफ. पानामागे निळा कार्डशीट ठेवा. निळा रंग हिरव्यापासून, पिवळ्यापासून आणि तपकिरीपासूनही लांब पडतो, कडा सहज सुटते. पांढऱ्या कागदावर वाळलेल्या ठिपक्याचा राखाडी मधला भाग कागदात हरवतो.

२) फाइल उघडल्यावर सर्वात आधी ‘इमेज’ मेनूतलं ‘प्रॉपर्टीज’ बघा. स्कॅनर डीपीआय लिहितो म्हणून फिजी एकक ‘इंच’ धरतं. तसंच पुढे गेलात तर क्षेत्रफळ चौरस इंचात येतं आणि कोणीतरी ते चौरस सेंटिमीटर समजून तक्त्यात भरतो. (१ चौरस इंच म्हणजे ६.४५ चौरस सेंमी. तक्त्यातले सगळे आकडे साधारण साडेसहा पट कमी दिसले तर चूक इथेच.) ३०० डीपीआयला १ मिलिमीटर = ११.८१ पिक्सेल, हे ‘सेट स्केल’मध्ये भरा आणि ‘ग्लोबल’वर खूण करा.

३) पानाची बाह्यरेषा निवडा, ‘टी’ दाबून आरओआय मॅनेजरमध्ये (निवडी जपून ठेवायची यादी) टाका, मग निवड काढून टाका. ही निवड तशीच राहिली तर पुढच्या पायरीत प्रतिमा कापली जाते.

४) ‘इमेज – टाइप – लॅब स्टॅक’. तीन थर मिळतात : एल (उजेड), ए (हिरवा ते लाल), बी (निळा ते पिवळा). दुसऱ्या थरावर या, ‘डुप्लिकेट’ करा, पण ‘डुप्लिकेट स्टॅक’ची खूण काढून.

५) निरोगी हिरव्या भागात ‘ए’ ठळक ऋण असतो, मेलेल्या तपकिरी भागात शून्याजवळ किंवा धन. थ्रेशोल्डची खालची हद्द त्यांच्या मधे कुठेतरी पडते. पाच-सहा पानांवर हद्द ठरवा, कागदावर लिहून ठेवा, आणि नंतर त्या हंगामात तिला हात लावू नका.

६) ‘कन्व्हर्ट टू मास्क’ (हद्दीत बसलेला भाग वेगळा दाखवणारी दोनरंगी प्रतिमा), मग मॅनेजरमधून पानाची निवड परत लावा, ‘सेट मेझरमेंट्स’मध्ये ‘एरिया फ्रॅक्शन’वर खूण करून ‘मेझर’. आलेला आकडा म्हणजे रोगट टक्के.

ताळा म्हणून एक स्वच्छ पान आधी चालवा. त्याला ९७ टक्के रोग निघाला तर मास्क उलटा झाला आहे.

आता स्कॅनर का. केळीचं पान दोन मीटर लांब. ते अख्खं फोनच्या चार हजार पिक्सेल रुंदीच्या फोटोत बसवलं तर १ मिलिमीटरला २ पिक्सेल उरतात. करप्याची सुरुवातीची रेघ मिलिमीटरभरच असते, तिला दोन पिक्सेल म्हणजे ती नाहीच. स्कॅनमध्ये तीच रेघ बारा पिक्सेलची.

---

सूक्ष्म_धुळे

वरच्यात दोन गोष्टी जोडते.

केळीचा चीक. तुकडा कापला की लगेच स्कॅनरच्या काचेवर ठेवू नका. चीक काचेवर वाळला की तपकिरी डाग पडतो आणि पुढच्या प्रत्येक पानावर त्याच जागी ‘ठिपका’ निघतो. काप ओल्या फडक्याने दोनदा टिपा आणि काचेवर पारदर्शक प्लॅस्टिक शीट ठेवून त्यावर पान ठेवा. शीट बदलता येते, काच नाही. रिकामी शीटही रोज सकाळी एकदा स्कॅन करून बघावी.

दुसरं, वेळ. एप्रिल-मेच्या उन्हात तोडलेलं पान काही मिनिटांत कडेने वळायला लागतं. वळलेल्या पानाचं क्षेत्रफळ कमी भरतं आणि घडीच्या सावलीचा ‘ए’ थर बिघडतो. ओल्या गोणपाटात गुंडाळून आणा, पण स्कॅन करण्याआधी पाणी पूर्ण टिपा, कारण थेंबावर स्कॅनरचा दिवा चमकतो.

---

तापीकाठ

पिवळ्या वलयाचं काय करता? ते रोगट धरायचं का निरोगी?

---

पान_मोजणी

भांडण लावू नका भाऊ :)

नियम कोणताही ठेवा, पण एकच ठेवा आणि लिहा. वलय धरलं तर १२ टक्क्यांचं पान १८ वर जाऊ शकतं, म्हणजे श्रेणी ३ ची ४ होते. मी वलय वेगळ्या रकान्यात मोजतो : ‘बी’ थरात पिवळं ठळक वर येतं, त्याचा दुसरा मास्क काढून पहिला वजा करायचा (‘इमेज कॅल्क्युलेटर – सबट्रॅक्ट’). मेलेलं वेगळं, पिवळं वेगळं. नंतर ज्याला जे बेरजेत घ्यायचं ते घेऊ दे.

---

केळीबाग_रावेर

आणि हरण्या (विषाणूचा रोग)? चरका? हिवाळ्यात थंडीचा चरका बसला की पान पिवळं पडतंच, त्यात करपा किती नि थंडी किती हे रंगावरून कसं कळणार?

---

पान_मोजणी

रंगावरून कळणार नाही. इथे थ्रेशोल्डची हद्द संपते. तिघांचा रंग सारखा असला तरी पोत वेगळा असतो : करप्याचे ठिपके शिरांना समांतर, लांबट, मधे राखाडी नि भोवती गडद कड. हरण्याचे पट्टे शिरेलगत सलग, कड नसलेले. चरक्याचा पिवळेपणा पसरट. त्यामुळे पोत शिकणारं काहीतरी लागतं. फिजीतलं ‘ट्रेनेबल वेका’ किंवा ‘लॅबकिट’ घ्या. चार वर्ग करा (निरोगी, करपा, इतर पिवळं, पार्श्वभूमी), प्रत्येक वर्गाला वेगवेगळ्या पानांवर बारीक रेघा ओढा. अख्खा भाग रंगवत बसू नका, सीमेजवळच्या लहान रेघाच जास्त शिकवतात. लॅबकिट मोठ्या प्रतिमेला बरं, वेका रॅम फार खातं.

पोटॅशच्या कमतरतेने जुन्या पानांची कड पिवळी-नारिंगी होते, ते उदाहरणही ‘इतर पिवळं’त टाका. नाहीतर खालची सगळी पानं करप्याने भरलेली दिसतात.

---

नंदुरबारकर

सेलपोजच्या आवृत्ती ४ बद्दल. जुना पायथन कोड तसाच चालवला की दोन ठिकाणी पडतो. एक, ‘मॉडेल्स’मधला ‘सेलपोज’ नावाचा क्लास आता नाही, ‘सेलपोजमॉडेल’ वापरावा लागतो. दोन, तो पूर्वीसारखी चार उत्तरं देत नाही, तीनच देतो (मास्क, फ्लो, स्टाइल). चौथं उत्तर व्यासाचं होतं, ते गेलं. चार नावांत उलगडायला गेलात की ‘चार हवे होते, तीन मिळाले’ अशी त्रुटी येते. चॅनेलचा पर्याय लिहिला तर तो दुर्लक्षिला जातो, त्रुटी येत नाही. हे जास्त वाईट, कारण चॅनेल बदलूनही उत्तर बदलत नाही आणि माणूस तासभर शोधत बसतो.

मॉडेलची फाइल एक जीबीहून मोठी आहे. पहिल्यांदा चालवताना ती उतरते, त्यामुळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ‘अडकलं’ असं वाटतं. जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) नसेल तर एका प्रतिमेला मिनिटं लागतात. साध्या लॅपटॉपवर आवृत्ती ३ वेगळ्या कोंडा एन्व्हायर्नमेंटमध्ये (पायथनच्या स्वतंत्र कप्प्यात) ठेवा आणि ‘सायटो३’ मॉडेल चालवा, ते अगदी छोटं आहे. दोन्ही एकाच एन्व्हायर्नमेंटमध्ये राहत नाहीत.

---

सूक्ष्म_धुळे

> व्यास सांगायची गरज राहिली नाही

हे अर्धं खरं आहे. सेलपोज-सॅम साधारण ७.५ ते १२० पिक्सेल व्यासाच्या वस्तूंवर शिकलं आहे, सरासरी ३०. चाळीसच्या भिंगाखाली पर्णरंध्र दोन-अडीचशे पिक्सेलचं दिसतं. ते तसंच दिलं तर प्रत्येक रक्षकपेशी वेगळी, कधी नुसतं छिद्रच वेगळं निघतं. व्यासाच्या रकान्यात खरा आकडा (समजा २२०) भरा, म्हणजे सॉफ्टवेअर प्रतिमा आतून लहान करून बघतं. नाहीतर फिजीत आधीच पाव आकाराची करा, चालतंही भराभर.

पर्णरंध्रांची घनता काढताना दोन चुका हमखास होतात.

पहिली मापाची. स्टेज मायक्रोमीटरवर (मापाच्या रेघा असलेली स्लाइड) १ मिलिमीटरचे १०० भाग असतात, म्हणजे एक घर १० मायक्रॉन. समजा २० घरांना (२०० मायक्रॉन) १२४० पिक्सेल लागले, तर ६.२ पिक्सेल प्रति मायक्रॉन. १९२० × १०८० ची प्रतिमा मग ३१० × १७४ मायक्रॉन, म्हणजे ०.०५३९ चौरस मिलिमीटर. त्यात ११ रंध्रं असतील तर घनता २०४ प्रति चौरस मिलिमीटर. कॅमेऱ्याचं रिझोल्यूशन बदललं की हा सगळा हिशोब नव्याने. भिंग तेच आहे म्हणून जुनंच माप चालवतात, तिथे फसतं.

दुसरी कडेची. ‘अ‍ॅनालाइझ पार्टिकल्स’मध्ये ‘एक्सक्लूड ऑन एजेस’वर खूण असते. तिने चारही कडांवरची रंध्रं वगळली जातात, पण भागाकार अख्ख्या क्षेत्रफळानेच होतो, म्हणून घनता कमी येते. दहा-बारा रंध्रांच्या प्रतिमेत कडेवर तीन-चार असतातच, फरक थोडाथोडका नाही. वरची आणि डावी कड स्पर्शणारी धरा, खालची आणि उजवी सोडा. आकार मोजायचा असेल तर मात्र चारही कडा वगळायच्या, कारण कापलेल्या रंध्राची लांबी खोटी.

---

जावाबंबाळ (भुसावळ)

बीजाणूंसाठी स्टारडिस्ट (सेलपोजसारखंच वस्तू वेगळ्या काढणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. ते प्रत्येक वस्तूच्या आतल्या बिंदूपासून सगळ्या दिशांना (मूळ मांडणीत ३२) किरणं सोडतं आणि प्रत्येक किरण कडेला एकदाच छेदेल असं धरतं. गोल, अंडाकृती वस्तूंना हे उत्तम. करप्याचे बीजाणू लांब, बारीक, बाकदार. किरण एकदा बाहेर पडून पुन्हा आत शिरतो, म्हणून एका बीजाणूचे तीन तुकडे निघतात आणि मोजणी तिप्पट. तिथे सेलपोज. आणि एकावर एक आडवे पडलेले बीजाणू कोणतंच सॉफ्टवेअर नीट सोडवत नाही, द्रावण पातळ करून पुन्हा स्लाइड करावी.

सेलपोज ३ च्या स्वच्छतेबद्दलही बोलायला हवं. गोंगाट काढलेली प्रतिमा कडा शोधायला वापरा, तीव्रता मोजायला वापरू नका. तिथले पिक्सेल मॉडेलने ‘असं असावं’ म्हणून रचलेले असतात. मास्क स्वच्छ प्रतिमेवरून काढायचा आणि मोजमाप मूळ प्रतिमेवर लावायचं.

---

नंदुरबारकर

१६ बिटची प्रतिमा ८ बिट करतानाही असंच होतं. ‘एडिट – ऑप्शन्स – कन्व्हर्जन्स’मध्ये ‘स्केल व्हेन कन्व्हर्टिंग’ मुळातच चालू असतं. प्रत्येक प्रतिमा तिच्या त्या वेळच्या दाखवण्याच्या हद्दीनुसार ताणली जाते. मंद नि तेजस्वी, दोन्ही शेवटी सारख्याच दिसतात आणि मग ‘उपचारित नि अनुपचारित यांत फरक नाही’ असा निष्कर्ष. तीव्रता मोजायची तर ८ बिट करूच नका.

---

कपाशी_चोपडा

क्यूपाथबद्दल कोणी बोललंच नाही. पानांच्या स्कॅनला ते फिजीपेक्षा सोयीचं पडतं. सगळ्या प्रतिमा एका प्रोजेक्टमध्ये, एका पानावर पिक्सेल क्लासिफायर (प्रत्येक पिक्सेल कोणत्या वर्गातला हे ठरवणारा) तयार करायचा, स्क्रिप्ट ‘रन फॉर प्रोजेक्ट’ने सगळ्यांना लावायची. अडचण एकच : प्रतिमेत माप लिहिलेलं नसेल (जेपेगमध्ये बहुधा नसतंच) तर सगळं पिक्सेलमध्ये येतं. डावीकडच्या ‘इमेज’ टॅबमध्ये पिक्सेल विड्थवर दोनदा क्लिक करून मायक्रॉन भरा. ३०० डीपीआयला ८४.७.

इन्स्टनसेग मात्र ऊतींच्या रंगवलेल्या स्लाइडसाठी आणि फ्लुरोसन्ससाठी आहे. पानाच्या स्कॅनवर चालवून ‘काही सापडत नाही’ म्हणू नका.

---

तापीकाठ

भारी शे. पानाची बाह्यरेषा हाताने ओढायचा कंटाळा असेल त्यांच्यासाठी : फिजीत ‘सॅमजे’ नावाचं प्लगिन आहे. पानाभोवती चौकोन ओढला की कड स्वतः पकडतं. निळा कार्डशीट असेल तर गरज नाही, पण जुन्या, गवताच्या पार्श्वभूमीवरच्या फोटोंना उपयोगी. फाटलेल्या पानाच्या चिरा मात्र ते पानातच धरतं, त्या हाताने वजा कराव्या लागतात.

आणि फोटो एकमेकांना व्हॉट्सअ‍ॅपवर ‘फोटो’ म्हणून पाठवू नका. तो लहान होतो, पुन्हा दाबला जातो, आणि दाबताना रंगाची माहिती सर्वात आधी जाते. आपण रंगावरच तर मोजतोय. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

---

केळीबाग_रावेर

तीनशे पानांची बॅच लावली नि मधेच लाइट गेली तर? ‘बॅच – मॅक्रो’ शेवटी एकदाच तक्ता देतो.

---

जावाबंबाळ

रिझल्ट टेबलच्या भरवशावर राहू नका. मॅक्रोत दर प्रतिमेनंतर ‘फाइल.अपेंड’ने एक ओळ सीएसव्हीत लिहा : फाइलचं नाव, पानाचं क्षेत्रफळ, मेलेलं, पिवळं, हद्दीचा आकडा. सुरुवातीला ती सीएसव्ही वाचून, ज्यांची नावं आधीच आहेत त्या प्रतिमा सोडून द्या. लाइट आली की जिथे थांबलं तिथून सुरू. ‘सेटबॅचमोड’ चालू ठेवा, प्रत्येक प्रतिमेनंतर ‘क्लोज ऑल’ करा. ए-फोर आकाराचं ३०० डीपीआयचं स्कॅन फिजीत रॅममध्ये ३५ एमबी, पण लॅब स्टॅक ३२ बिटचे तीन थर म्हणजे १०० एमबीच्या वर. न मिटवता तीसेक प्रतिमा उघड्या राहिल्या की चार जीबीचं यंत्र बसलंच. ६०० डीपीआयला हे सगळं चौपट.

---

सूक्ष्म_धुळे

साठवणीचं राहिलं. साधं टिफ ४ जीबीपुढे जात नाही, आतले पत्ते ३२ बिटचे असतात म्हणून. मोठ्या मोझेकला (अनेक प्रतिमा जोडून केलेल्या) बिगटिफ किंवा ओएमई-झार ही साठवणीची रूपं. झार म्हणजे एक फाइल नसून हजारो लहान तुकड्यांचं फोल्डर आहे. पेन ड्राइव्हवर कॉपी करायला घेतलं तर संध्याकाळ होते. आधी झिप करा (दाब न देता, नुसतं एकत्र) आणि पेन ड्राइव्ह एक्सफॅट असू द्या. फॅट३२ वर ४ जीबीची मर्यादा पुन्हा आडवी येते.

---

केळीबाग_रावेर

लॅबवाला रस्ता करून पाहिला. सकाळ-दुपारची स्कॅन एकाच हद्दीवर बसताहेत. जमी गय! शेवटचं एक : दहा पानांच्या झाडाचा रोग निर्देशांक (श्रेण्यांवरून काढलेली टक्केवारी) काढताना सहाने भागायचं का सातने?

---

पान_मोजणी

श्रेण्या ० ते ६ म्हणजे सात, सूत्रात त्यातून एक वजा, म्हणून सहा. समजा दहा पानांच्या श्रेण्या ०, ०, ०, १, १, २, २, ३, ४, ५. बेरीज १८. भागिले ६ × १०, म्हणजे ६०. निर्देशांक ३० टक्के. कोंब उघडायचं पान धरू नका, आणि लोंबलेली, पूर्ण वाळलेली पानं मोजणार की नाही हे पहिल्याच दिवशी ठरवा. छाटणी झालेल्या बागेत तीच पानं आधी गेलेली असतात.